वॉशिंग्टन मोर्चा (१९६३) : भाड्याच्या बसगाड्यांचे नियोजन आणि त्यातील राजकारण

प्रस्तावना

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीच्या इतिहासात २८ ऑगस्ट १९६३ ह्या दिवसाला विशेष स्थान आहे. त्या दिवशी राजधानी वॉशिंग्टनमध्ये लिंकन स्मारकासमोर सुमारे अडीच लाख लोक जमले. 'रोजगार आणि स्वातंत्र्य यांसाठी वॉशिंग्टन मोर्चा' असे त्याचे अधिकृत नाव होते. आपल्याकडे वर्गात ह्या मोर्चाचा उल्लेख होतो तो बहुतेक वेळा डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणाच्या अनुषंगाने. ते भाषण साधारणपणे १७ मिनिटांचे होते. ही अडीच लाख माणसे कोणत्या वाहनांनी आली, ती वाहने दिवसभर कोठे उभी राहिली आणि संध्याकाळी प्रत्येकाला आपापली गाडी कशी सापडली, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात.

वरवर पाहता हे प्रश्न इतिहासाचे नसून व्यवस्थापनाचे वाटतात. बस कोठे थांबवावी, उतारूंना कोठे उतरवावे, रिकामी गाडी कोठे लावावी, परतीच्या वेळी किती वाजता भरावी, हा सारा तपशील सहलीच्या आयोजकाने पाहावा, इतिहासकाराने नव्हे, अशी आपली समजूत असते. प्रस्तुत निबंधात ह्या समजुतीला छेद देण्याचा प्रयत्न आहे. १९६३ च्या मोर्चात भाड्याने घेतलेली बस हे केवळ प्रवासाचे साधन नव्हते. ती संघटनेचे सर्वांत लहान एकक होती. ह्या बसगाड्यांच्या वेळापत्रकात आंदोलकांची शिस्त जशी दिसते तशीच राज्यसंस्थेची भीतीही दिसते, आणि ह्या दोहोंना एकमेकांपासून वेगळे काढणे सोपे नाही.

बस आणि वर्णभेद : पूर्वपीठिका

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत वर्णभेदाचा रोजचा अनुभव ज्या ठिकाणी येई, त्यांत बस अग्रभागी होती. पुढच्या जागा गोऱ्यांच्या, मागच्या काळ्यांच्या. बसस्थानकात प्रतीक्षागृहे वेगळी, पाण्याचे नळ वेगळे. आंतरराज्य बसप्रवासात अशी विभागणी घटनाबाह्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४६ मध्येच मॉर्गन खटल्यात दिला होता. तो अमलात येतो की नाही हे पाहण्यासाठी १९४७ मध्ये काळ्या-गोऱ्या कार्यकर्त्यांची एक तुकडी बसने निघाली. तीत बेयार्ड रस्टिन होते. नॉर्थ कॅरोलायनात त्यांना अटक झाली आणि पुढे बेड्या घालून रस्त्याच्या कामावर जुंपणाऱ्या कैद्यांच्या टोळीत त्यांनी शिक्षा भोगली. १९६३ च्या मोर्चाचे सारे नियोजन ज्यांच्या हाती होते ते हेच रस्टिन. १९४८ मध्ये ते भारतात येऊन गेले होते. गांधीजींच्या चळवळीतील माणसांना भेटण्याची इच्छा त्यांना इकडे घेऊन आली होती.

१ डिसेंबर १९५५ रोजी मॉन्टगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांना अटक झाली आणि ३८१ दिवस चाललेला बसबहिष्कार सुरू झाला. ह्या बहिष्काराच्या नैतिक बाजूबद्दल विपुल लिहिले गेले आहे. त्याची दुसरी बाजू अशी की, हजारो मोलकरणी, मजूर आणि कारकून रोज सकाळी कामावर पोचले पाहिजेत आणि संध्याकाळी घरी परतले पाहिजेत, याची पर्यायी व्यवस्था काही दिवसांत उभी करावी लागली. दोन वर्षांपूर्वी, १९५३ मध्ये, लुइझियानातील बॅटन रूज येथे असाच बहिष्कार झाला होता. तेथील धर्मोपदेशक जेमिसन यांचा अनुभव किंग यांनी विचारून घेतला. खाजगी मोटारींचा ताफा तयार झाला. लोकांना सकाळी गोळा करण्याची ४८ आणि संध्याकाळी परत नेण्याची ४२ ठिकाणे ठरली. नगरप्रशासनाने ह्या मोटारव्यवस्थेविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, यावरून तिचे मर्म कोठे होते हे प्रशासनाला नीट कळले होते, असे म्हणावे लागते. मोटारींवर बंदी आणणारा स्थानिक न्यायालयाचा आदेश आणि शहर बसमधील विभागणी रद्द ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय हे दोन्ही एकाच दिवशी, १३ नोव्हेंबर १९५६ रोजी आले. रस्टिन ह्या बहिष्काराच्या काळात, फेब्रुवारी १९५६ मध्ये, मॉन्टगोमेरीत येऊन किंग यांना भेटले होते.

त्यानंतर १९६१ ची 'स्वातंत्र्य यात्रा'. ४ मे रोजी वॉशिंग्टनहून दक्षिणेकडे निघालेल्या बसपैकी एक बस १४ मे रोजी अलाबामातील ॲनिस्टनजवळ जमावाने पेटवून दिली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून आंतरराज्य बस आणि बसस्थानके यांतील विभागणीस बंदी करणारा केंद्रीय आदेश लागू झाला. कागदावर प्रश्न मिटला होता. पण १९६३ मध्ये अलाबामाहून वॉशिंग्टनला निघालेल्या माणसाच्या मनात जळणाऱ्या बसचे ते छायाचित्र नसेल, असे म्हणता येणार नाही.

आठ आठवड्यांची तयारी

वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याची मूळ कल्पना ए. फिलिप रँडॉल्फ यांची आणि ती १९४१ मधील. रेल्वेच्या शयनयानांतील काळ्या सेवकांची संघटना बांधणारे हे कामगार नेते. युद्धसाहित्याच्या कारखान्यांत काळ्या कामगारांना नोकऱ्या मिळाव्यात यासाठी त्यांनी मोर्चाचा इशारा दिला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी २५ जून १९४१ रोजी तसा आदेश काढला आणि मोर्चा रद्द झाला. न निघालेल्या मोर्चानेही काम केले, असे हे दुर्मीळ उदाहरण आहे. पुढे १९५७ मध्ये लिंकन स्मारकापाशी सुमारे २५,००० लोकांची प्रार्थनायात्रा झाली. १९५८ व १९५९ मध्ये विद्यार्थ्यांचे मोर्चे निघाले. ह्या तिन्हींच्या मागे रँडॉल्फ आणि रस्टिन होते. बस भाड्याने कशा घ्याव्यात, किती आधी पैसे भरावे लागतात, कोणती शाखा आश्वासन पाळते आणि कोणती नाही, याचा अनुभव ह्या लहान मोर्चांतून गाठीशी आला होता.

२ जुलै १९६३ रोजी न्यूयॉर्कमधील रूझवेल्ट हॉटेलात सहा प्रमुख संघटनांच्या नेत्यांची बैठक झाली. रस्टिन यांच्या नावाला विरोध झाला. त्यांचा साम्यवादी युवक संघटनेशी पूर्वी आलेला संबंध, युद्धकाळात सैन्यभरतीस नकार दिल्याबद्दलचा तुरुंगवास आणि त्यांची समलैंगिकता यांचा वापर विरोधक करतील, अशी रॉय विल्किन्स यांना भीती होती. तोड अशी निघाली की, संचालक रँडॉल्फ होतील आणि आपला साहाय्यक ते स्वतः निवडतील. त्यांनी रस्टिन यांनाच निवडले. विल्किन्स यांची भीती अनाठायी नव्हती. १३ ऑगस्ट रोजी सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांनी सिनेटमध्ये रस्टिन यांच्यावर नेमका असाच हल्ला चढवला. एखादी दुर्घटना घडली असती तर तिचे खापर कोणाच्या माथी फुटले असते, हे सांगण्याची गरज नाही.

हाती जेमतेम आठ आठवडे होते. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १३० व्या रस्त्यावरील एका जुन्या इमारतीत कार्यालय थाटले गेले. वाहतुकीची जबाबदारी रेशेल होरोविट्झ यांच्यावर होती. त्या वेळी त्या २४ वर्षांच्या होत्या. देशभरातील चर्च, कामगार संघटनांच्या शाखा आणि नागरी हक्क संघटनांच्या स्थानिक समित्या यांनी आपापल्या बस स्वतः ठरवायच्या, त्याचे भाडे स्वतः जमवायचे आणि किती गाड्या, किती माणसे, ही माहिती मुख्य कार्यालयाला कळवायची, अशी पद्धत होती. मुख्य कार्यालयाने सर्व बस एकगठ्ठा भाड्याने घेतल्या नाहीत. पैसा नव्हता हे एक कारण. पण ह्या विकेंद्रित पद्धतीचा एक परिणाम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. एका बसमधील चाळीस माणसे आधीपासून एकमेकांना ओळखणारी होती. एकाच चर्चमध्ये रविवारी भेटणारी, एकाच कारखान्यात काम करणारी. नेहमीच्या तिकिटाच्या बसमध्ये शेजारी कोण बसला आहे हे माहीत नसते. ह्या बसमध्ये अनोळखी माणूस लगेच उठून दिसला असता. चिथावणीखोर घुसतील ही त्या काळी सर्वांत मोठी धास्ती होती. तिच्यावर पोलिसांइतकाच उपयोगी पडलेला उपाय हा परस्परपरिचय होता, असे माझे मत आहे.

स्थानिक कार्यकर्त्यांसाठी दोन मार्गदर्शक पुस्तिका काढण्यात आल्या. मोर्चा कशासाठी, मागण्या कोणत्या, हे त्यांत होतेच. पण आज त्या वाचताना लक्ष वेधून घेतात त्या वाहन, अन्न, पाणी, स्वच्छतागृहे आणि परतीची वेळ यांविषयीच्या सूचना. प्रत्येक बसला एक प्रमुख असावा. त्याने उतारूंची यादी तपासावी. आपल्या बसचा क्रमांक काय, ती कोठे उभी राहील आणि किती वाजता सुटेल, हे प्रत्येक उतारूला माहीत आहे याची खात्री करावी. प्रत्येकाने दोन वेळची शिदोरी सोबत आणावी, एक दुपारची आणि एक रात्रीची. उन्हात नासणारे पदार्थ टाळावेत. मद्याला मज्जाव. ज्यांनी महाविद्यालयाची सहल राज्य परिवहन महामंडळाच्या 'प्रासंगिक करारा'वरील गाडीने नेली आहे, त्या प्राध्यापकांना ह्यातील एकही सूचना अपरिचित वाटणार नाही. फरक एवढाच की येथे गाड्या दोन नव्हत्या, दोन हजार होत्या.

अशा तपशिलाला कमी लेखू नये. दांडीयात्रेच्या वेळी गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची एक तुकडी गावोगाव पुढे जाऊन पाहणी करीत असे, आणि मुक्कामाच्या गावी भोजन किती साधे असावे, शौचासाठी जागा कोठे असावी, याच्या सूचना स्वतः गांधीजींनी दिल्या होत्या. रस्टिन यांनी गांधीजींकडून अहिंसेचे तत्त्व घेतले असे म्हटले जाते. ही दृष्टीही त्यांनी तेथूनच घेतली असावी, असा तर्क करण्यास जागा आहे.

रस्ता

२७ ऑगस्टच्या रात्री हार्लेममधून बस सुटू लागल्या. एकट्या हार्लेममधून ४५० बस निघाल्याची नोंद आहे. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने मध्यरात्रीनंतर जादा गाड्या सोडल्या, म्हणजे लोक वेळेवर बसपर्यंत पोचतील. रिव्हरसाइड चर्चमध्ये स्वयंसेवक रात्रभर चीजचे सँडविच भरून सुमारे ८०,००० शिदोऱ्या बांधत होते. अलाबामातील बर्मिंगहॅमहून सहा बस निघाल्या. त्यांना ७५० मैल म्हणजे सुमारे १,२०० किलोमीटर अंतर कापायचे होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवर शाळकरी मुलांवर पाण्याचे फवारे आणि कुत्री सोडली गेली होती.

न्यूयॉर्क ते वॉशिंग्टन हा प्रवास सुमारे ३६५ किलोमीटरचा. आज ह्या मार्गावर अखंड महामार्ग आहे. १९६३ च्या ऑगस्टमध्ये तो नव्हता. न्यू जर्सीचा टोलमार्ग आणि डेलावेअर नदीवरील पूल ओलांडल्यावर मेरीलँड राज्यातून जाण्यास मुख्य वाट म्हणजे जुना ४० क्रमांकाचा रस्ता. ह्या रस्त्याची एक वेगळी कीर्ती होती. त्याच्या कडेची उपाहारगृहे काळ्या प्रवाशांना आत बसू देत नसत. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन यांच्या दरम्यान ये-जा करणाऱ्या आफ्रिकी राजदूतांनाही हा अनुभव आला. १९६१ मध्ये चाड देशाच्या राजदूतांना येथील एका उपाहारगृहाने कॉफी नाकारली तेव्हा खुद्द केनेडी प्रशासनाची पंचाईत झाली. त्याच वर्षी नागरी हक्क कार्यकर्त्यांनी ह्या रस्त्यावर मोहीम काढली. १९६३ मध्ये मेरीलँडने सार्वजनिक ठिकाणच्या भेदभावाविरुद्ध कायदा केला, पण तो राज्यातील सर्व परगण्यांना लागू नव्हता.

ही पार्श्वभूमी पाहिली म्हणजे 'दोन वेळची शिदोरी आणावी' ह्या सूचनेला वेगळा अर्थ येतो. वॉशिंग्टनमध्ये अडीच लाखांना जेवू घालण्याची सोय नव्हती, हे खरेच. पण वाटेत थांबावे लागू नये, थांबलो तर अपमान सोसावा लागू नये, ही गरज काळ्या प्रवाशांच्या कुटुंबांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक होती. काळ्या प्रवाशांना कोठे जेवण मिळेल, कोठे मुक्काम करता येईल, हे सांगणारी 'ग्रीन बुक' ही वार्षिक पुस्तिका १९३६ पासून निघत होती. स्वतःची भाड्याची बस, स्वतःचे अन्न, ओळखीची माणसे, असे फिरते घरच सोबत घेऊन ही मंडळी निघाली होती.

सकाळी आठच्या सुमारास बाल्टिमोर बंदराखालील बोगद्यातून तासाला १०० बस जात असल्याचे मेरीलँड पोलिसांनी कळवले. म्हणजे दर ३६ सेकंदांना एक. हा बोगदा १९५७ मध्ये खुला झाला होता. तो नसता तर ह्या सर्व बस बाल्टिमोर शहराच्या मधून, चौकाचौकांत थांबत गेल्या असत्या आणि सकाळचा कार्यक्रम दुपारी सुरू करावा लागला असता.

उतरणे, उभे राहणे, पुन्हा भरणे

एकूण २,००० हून अधिक भाड्याच्या बस, २१ खास रेल्वेगाड्या आणि १० विमाने मोर्चासाठी आली. शिवाय नेहमीच्या बस, रेल्वे, खाजगी मोटारी आणि स्वतः वॉशिंग्टनचे रहिवासी. एका बसमध्ये सरासरी ४० माणसे धरली तर ८०,००० लोक, म्हणजे जमावाचा सुमारे तिसरा हिस्सा, भाड्याच्या बसने आला.

आता जागेचा हिशेब पाहू. त्या काळातील मोठ्या बसची लांबी ४० फूट, म्हणजे सुमारे १२ मीटर. दोन हजार बस एकामागे एक लावल्या तर २४ किलोमीटरची रांग होते. लिंकन स्मारकापासून संसदभवनापर्यंतचे अंतर सुमारे ३ किलोमीटर आहे. म्हणजे हा सारा पट्टा टोकापासून टोकापर्यंत आठ रांगांनी भरला असता. इतक्या गाड्या उभ्या करायच्या तर त्या शहरातील रस्त्यांवरच, कडेने, लांबवर पसरवून लावाव्या लागणार, हे उघड आहे. आणि गाड्या पसरल्या की उतारूंना त्या शोधाव्या लागणार.

ह्या कामी एका अनपेक्षित गोष्टीची मदत झाली. दंगल होईल ह्या भीतीने त्या दिवशी शहर जवळजवळ रिकामे झाले होते. अनेक दुकाने बंद होती, कित्येक सरकारी कर्मचारी घरीच राहिले. मद्यविक्रीवर बंदी होती, बेसबॉलचे सामने पुढे ढकलले होते. ५,९०० पोलीस कामावर होते. राष्ट्रीय रक्षकदलाचे २,००० जवान बोलावले होते, शिवाय सैन्याच्या तुकड्या सज्ज होत्या. रुग्णालयांनी तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया लांबणीवर टाकल्या, तुरुंगांत जागा मोकळी करण्यात आली. म्हणजे ज्या दिवशी रस्त्यांवर एरवीची मोटारींची गर्दी असायची त्या दिवशी ते मोकळे होते. भीतीने शहराला जे करायला लावले, ते आयोजकांना हवे असलेल्या वाहनतळाच्या पथ्यावर पडले. केंद्रीय न्याय विभागाने जॉन डग्लस यांच्या नेतृत्वाखाली एक गट नेमला होता; तो आयोजकांशी आणि पोलिसांशी सतत संपर्कात होता. ज्यांना हा मोर्चा निघूच नये असे आधी वाटत होते, तेच आता बसच्या संख्येची चौकशी करू लागले.

सामूहिक प्रवासाच्या नियोजनात येणे तुलनेने सोपे असते, जाणे कठीण. येताना गाड्या पहाटेपासून दुपारपर्यंत थोड्या थोड्या येतात. कोणी लवकर निघालेला, कोणी वाटेत रेंगाळलेला. हा अनियमितपणाच गर्दी वाटून टाकतो. उतरताना हजेरीची गरज नसते, दार उघडले की माणसे बाहेर. परतताना मात्र कार्यक्रम सर्वांसाठी एकाच क्षणी संपतो. लाखो लोक एकाच वेळी उठतात आणि एकाच प्रकारच्या, एकाच रंगाच्या शेकडो गाड्यांमधून आपली गाडी शोधू लागतात. त्या काळी हाताशी दूरध्वनी नव्हता. माणूस चुकला तर त्याला बोलावण्याचे साधन नव्हते. दोन हजार बस तीन तासांत शहराबाहेर काढायच्या तर दर मिनिटाला अकरा बस सुटल्या पाहिजेत. आणि रांगेत एकामागे एक उभ्या केलेल्या गाड्यांची एक अडचण असते : पुढची हलल्याशिवाय मागची हलत नाही. पुढच्या बसचा एक म्हातारा उतारू आला नाही म्हणून ती थांबली, तर तिच्यामागच्या वीस बस थांबतात. बसप्रमुखाच्या हातातील यादीचे महत्त्व येथे कळते. ती यादी एका बसपुरती नव्हती. तिच्यावर सारी रांग अवलंबून होती. आपल्याकडे वारीत दिंडीला क्रमांक असतो आणि ती रथाच्या पुढची की मागची हे ठरलेले असते, त्यामुळे लाखोंच्या लोंढ्यात चुकलेला वारकरीही आपल्या दिंडीत परत येऊ शकतो. बसचा क्रमांक आणि जागा उतारूंना पाठ करायला लावण्यामागे हेच शहाणपण होते.

सकाळी वॉशिंग्टन स्तंभापाशी जमलेले लोक नेत्यांची वाट न पाहता लिंकन स्मारकाकडे चालू लागले. नेते त्या वेळी संसद सदस्यांना भेटत होते. त्यांना घाईने येऊन गर्दीत सामील व्हावे लागले. मोर्चाच्या पुढे नेते चालत असल्याचे जे छायाचित्र आपण पाहतो, त्याच्यासाठी आधी गर्दीत जागा करावी लागली होती. सारेच काही वेळापत्रकाबरहुकूम झाले नाही, हे सांगण्यासाठी हा उल्लेख. ध्वनिक्षेपक यंत्रणेत आदल्या रात्री कोणी तरी बिघाड केला होता आणि सैन्याच्या तंत्रज्ञांकडून ती दुरुस्त करून घ्यावी लागली. पण शेवट वेळेवर झाला. किंग यांच्यानंतर रस्टिन यांनी मागण्या वाचून दाखवल्या, रँडॉल्फ यांनी प्रतिज्ञा दिली आणि सव्वाचारच्या सुमारास कार्यक्रम संपला. सूर्यास्ताला तीन तासांहून थोडा अधिक अवधी होता. नेते पाच वाजता राष्ट्राध्यक्षांना भेटण्यास गेले, तेव्हा बस भरू लागल्या होत्या. दिवसभरात अटक झालेल्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

सूर्यास्तापूर्वी

'रात्र पडण्यापूर्वी शहर सोडावे' ह्या एका अटीकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. १९६३ च्या आरंभी रस्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो आराखडा केला होता, त्यात कार्यक्रम दोन दिवसांचा होता आणि संसदेवर थेट दबाव आणण्याची कल्पना होती. ती आटत आटत एका दिवसावर, आणि संसदभवनाऐवजी लिंकन स्मारकावर आली. प्रशासनाला हे हवे होतेच. पण आयोजकांचीही कारणे होती. दोन लाख माणसांच्या मुक्कामाची सोय कोण करणार? कामगार माणूस मंगळवारी रात्री बसमध्ये बसून गुरुवारी सकाळी कामावर हजर राहू शकत होता. दोन दिवसांचा खाडा त्याला परवडला नसता.

तरीही ह्या अटीतील सल दृष्टीआड करता येत नाही. अमेरिकेत अशी अनेक गावे होती, जेथे काळ्या माणसाने दिवसा काम करावे पण सूर्यास्तानंतर गावात दिसू नये, असा दंडक होता. राजधानीत आलेल्या अडीच लाख लोकांनाही अंधार पडण्यापूर्वी निघून जावे लागले. माल्कम एक्स यांनी १० नोव्हेंबर १९६३ रोजी डेट्रॉइट येथील भाषणात नेमके ह्याच मर्मावर बोट ठेवले. केव्हा यायचे, कोठे थांबायचे, कोणते फलक धरायचे आणि केव्हा जायचे, हे सारे दुसऱ्यांनी ठरवून दिले होते, असा त्यांच्या टीकेचा आशय होता. ही टीका खोडून काढता येत नाही. जॉन लुइस यांच्या भाषणातील तिखट भाग ऐन वेळी वगळायला लावला गेला, हीदेखील त्याच दिवसाची गोष्ट आहे.

पण तुलनेसाठी दुसरी उदाहरणे पाहिली पाहिजेत. १९३२ मध्ये पहिल्या महायुद्धातील हजारो माजी सैनिक आपल्या भत्त्यासाठी वॉशिंग्टनला आले आणि झोपड्या उभारून राहिले. २८ जुलै रोजी जनरल मॅकआर्थर यांच्या सैन्याने त्यांना अश्रुधूर सोडून हुसकावले आणि झोपड्या जाळल्या गेल्या. किंग यांच्या हत्येनंतर, मे १९६८ मध्ये, गरिबांच्या मोहिमेतील लोकांनी ह्याच लिंकन स्मारकाजवळ लाकडी झोपड्यांची वस्ती केली. पावसाने चिखल झाला, आपसांत तंटे झाले, आणि २४ जून रोजी पोलिसांनी वस्ती रिकामी केली. राहिलेल्यांना हुसकावण्याची संधी राज्यसंस्थेला मिळते. वेळेवर निघून गेलेल्यांना हुसकावता येत नाही. १९ हजार सैनिक उपनगरांत सज्ज ठेवले होते आणि त्यांना काही कामच उरले नाही. परतीच्या बस वेळेवर सुटल्या, यात आयोजकांनी मान तुकवली असे माल्कम एक्स यांना दिसले. माझ्या मते त्यात दोन्ही होते, आणि रस्टिन यांना ते ठाऊक होते. जमाव शांततेने विखुरला ही दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांतील ठळक बातमी व्हावी, यासाठीच बसप्रमुखांच्या हाती याद्या दिल्या गेल्या होत्या. काळ्यांचा जमाव म्हणजे दंगल, हे गृहीतक त्या संध्याकाळी बसच्या दारात, एकेक नाव वाचून होणाऱ्या हजेरीने खोटे पाडले.

न्यूयॉर्कला परतणाऱ्या बस रात्री पुन्हा त्याच ४० क्रमांकाच्या रस्त्याने गेल्या, रात्रीची शिदोरी गाडीतच सोडत. मेरीलँडमधून जाणाऱ्या नव्या महामार्गाचे उद्‌घाटन राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हस्ते १४ नोव्हेंबर १९६३ रोजी झाले. आठ दिवसांनी त्यांची हत्या झाली. नव्या मार्गाने त्या उपाहारगृहांना वळसा घातला. त्यांच्या मालकांनी प्रत्येक प्रवाशाला आत बसवून वाढले पाहिजे, असे बंधन नागरी हक्क कायद्याने घातले. त्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची स्वाक्षरी झाली २ जुलै १९६४ रोजी, रूझवेल्ट हॉटेलातील बैठकीला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी.